खिळ्यावरच्या बांगड्या

गॅरेज संघटनेचे सन्माननीय अध्यक्ष श्रीधरराव, महिला मंडळाच्या अनुपमाताई, पोलादपूर-महाडची गॅरेजवाली मंडळी, माझे धाकटे दीर विनोदभावजी, हिरकणीवाडीहून मुद्दाम आलेले येसाजीभाऊ, आणि समोर बसलेल्या माझ्या बायाबहिणींनो, सर्वांना सुरेखाचा नमस्कार.

श्रीधररावांनी आत्ता इतकं चांगलं सांगितलं, की कोणाबद्दल चाललंय म्हणून मीच मागे वळून बघितलं. शाल दिलीत, श्रीफळ दिलंत. हार एवढा मोठा आहे की तो घालून पनवेलला लेकीकडे निघाले, तर कंडक्टर दोन तिकिटं फाडेल.

निरोप म्हटला की गळा भरून यावा. माझा येत नाही. आमचे मालक गेल्यापासून मला काही वाटतच नाही. भूक लागत नाही, पण पुढे ताट आलं की जेवते. विनोदभावजी म्हणाले, "वहिनी, गॅरेज टायरवाल्याला भाड्याने देऊया, तुम्ही पनवेलला तेजश्रीकडे राहा." मी मान हलवली. खरं सांगू? तेव्हा कोणी रायगडचा रोपवे विकत घेतेस का विचारलं असतं, तरी हलवली असती. भावजींचा यात काय दोष? उद्या त्यांच्या हातात किल्ली द्यायची ठरलीय, म्हणून आज आपण इथे जमलोय.

श्रीधरराव म्हणाले, सुरेखाताई म्हणजे इंजिनात हात घालणारी पोलादपुरातली पहिली बाई. आता हात गेला कसा, तेही ऐका.

गॅरेजवाल्यांना ठाऊक आहे, बाकीच्यांसाठी सांगते. इंजिनातला जळका धूर ज्या लोखंडी नळीतून बाहेर पडतो, ते मॅनिफोल्ड. त्याचे बोल्ट तापून-निवून गंजतात. खोलायला जावं तर डोकं तुटून हातात येतं आणि दांडा आतच राहतो. तोही कुठे? इंजिन आणि केबिनचा पत्रा यांच्या मधे, जिथे दिसत नाही आणि हातही शिरत नाही. मालकांचा पंजा तुम्ही बघितलाय. लग्नाला दोन-तीन वर्षं झाली असतील. मी दुपारचा डबा घेऊन गेले, तर त्यांचं मनगट तिथे सोललेलं, आणि तोंडाने जे चाललं होतं ते या स्टेजवरून सांगता यायचं नाही. मी म्हटलं, "सरा बाजूला, माझा जातो का बघू." हात गेला, बांगड्या अडकल्या. साबण लावून त्या उतरवल्या, भिंतीच्या खिळ्याला टांगल्या आणि पुन्हा हात घातला. तुटका दांडा बोटाला लागला.

तेवढ्यात सासूबाई आल्या. दारातूनच ओरडल्या, "आगो, नवरा जिता हाय आन् हात बोडके करून उभी ऱ्हायलीस?"

मालक गाडीखालून म्हणाले, "आये, काढल्या नायत. टांगल्यात."

तिथून पुढे तेच चालू झालं. मालकांनी खालून वेल्डिंगची कांडी पोचवून दांड्यावर नट वेल्ड करायचा, तो निवला की मी वरून हात घालायचा. थोडं सोडायचं, थोडं परत आवळायचं, परत सोडायचं. जोर केला की पुन्हा तुटतो. सगळं बोटांनाच कळायचं. बोल्ट निघाला की मी हात धुवायचे, आणि मालक खिळ्यावरच्या बांगड्या काढून माझ्या हातात द्यायचे. मी त्या घातल्याशिवाय गाडीला चावी लावायचे नाहीत, मग गिऱ्हाईक कितीही ओरडू दे. येसाजीभाऊ, तुम्ही काय कमी ओरडलात?

शेवटची गाडी येसाजीभाऊंचीच, पाचाडहून वर रोपवेपर्यंत पाहुणे नेणारी जीप. दोन बोल्ट निघाले, तिसरा हलेना. मालक ड्रिलचा नवा बिट आणायला महाडला गेले. दुकानाच्या बाकावर जरा बसतो म्हणाले, ते उठलेच नाहीत. फोन आला तेव्हा माझा हात इंजिनात होता आणि बांगड्या खिळ्यावर होत्या.

दहाव्याला बायका आल्या. अनुपमाताई दारात आडव्या उभ्या राहिल्या, "या घरात कोणी बांगड्या फोडायच्या नाहीत." त्यांचे उपकार मी विसरणार नाही. पण फोडायला होतं काय? मी दोन्ही हात पुढे केले. मला तेव्हाही काही वाटलं नाही.

काल गॅरेज रिकामं करायला गेलो. भावजींनी हत्यारं भरली, भिंतीवरचे खिळे उपटत आले आणि त्या खिळ्यापाशी थांबले. "वहिनी, ह्याचं काय करू?" या वेळी मात्र मी मान हलवली नाही. जीपपाशी गेले, हात घातला. तिसरा दांडा बोटाला लागला, थंडगार. इतक्या दिवसांत मला कळलेली ती पहिली गोष्ट. मग जे रडू आलं ते थांबेना, आणि हात आत अडकलेला, डोळे पुसायचीही सोय नाही.

भावजी, किल्ली मी देणार नाही. हे घरात सांगायला हवं होतं, पण घरात तुम्ही सगळे माझ्या काळजीने इतकं बोलता की मला जागाच मिळत नाही. इथे माईक मिळाला. श्रीधरराव, शाल मी परत करत नाही, सकाळी गॅरेजमध्ये गारठा असतो. शिवाय खालून वेल्डिंग मारायला मला माणूस लागेल, तेव्हा उद्या तुम्हीच या.

तुम्ही सगळे कामधंदा सोडून आलात, माझ्या माणसाची आठवण काढलीत, त्याबद्दल मनापासून आभार. निरोपाचा स्वयंपाक झालेला आहे, तो वाया घालवू नका, पोटभर जेवून जा. बोलताना कुठे पायरी सुटली असेल, तर घरचीच बाई म्हणून सांभाळून घ्या.

आणि अनुपमाताई, उद्या तुम्हीही या. तिसरा बोल्ट निघाला की मी हात धुऊन घेईन. खिळ्यावरच्या बांगड्या तेवढ्या काढून माझ्या हातात द्या. येसाजीभाऊ, तोवर चावी लावायची नाही.