कपाटातली चवळी

अगं, मी बेळ्ळंदूरच्या शाळेत दुसरीला शिकवते ना, तिथलंच सांगते. उजेडाशिवाय रोपाचं काय होतं ते दाखवायला मुलांनी लावलेल्या चवळीच्या कुंड्यांपैकी एक कपाटात ठेवायची होती. कुणीच आपली द्यायला तयार होईना. शेवटी अन्वीने दिली. इथे कानडी मुलुखात, वर्गात माझ्याशी मराठी बोलणारी ती एकटीच. आठवड्याने कपाट उघडलं, तर तिची चवळी पिवळी पडून लुळी झालेली.

"मिस, आता उन्हात ठेवली की बरी होईल ना?"

"होईल की," मी म्हटलं.

सोमवारी पाहिलं, तर उन्हाने करपून मेलेली. अन्वी रडली नाही. मधल्या सुट्टीत जवळ येऊन हळूच म्हणाली, "मिस, माझे बाबा खूप दिवस हॉस्पिटलात आहेत. उद्या त्यांना घरी आणणार आहेत. आईला सांगू का, नको आणूस म्हणून?"

मी तिला जवळ घेतलं.