राहिलेली सुई

डॉ. राजनंदिनी : जबरदस्ती नाही, शिवरंजनीताई. उमरग्याच्या दवाखान्यातून तुमचा रिपोर्ट आमच्या प्रयोगशाळेत आला, म्हणून रक्त द्याल का, हे विचारायला आले. नाही म्हणालात तर अशीच सोलापूरला परत जाईन.

गिरिजाबाई : जावा मग. आमच्या सुनेच्या अंगात रगत हाय कुठं? दोन लेकरं घालवून बसलीय.

शिवरंजनी : घालवली न्हाय, आत्याबाई. गेली. डॉक्टर, मला सांगितलं ते आत्याबाईंसमोर परत सांगा.

डॉ. राजनंदिनी : आजी, तुमच्या सुनेचं रक्त निगेटिव्ह आहे, थोरल्या मुलीचं पॉझिटिव्ह. तिच्या जन्माच्या वेळी तिचं थोडं रक्त ह्यांच्या रक्तात मिसळलं. शरीराला ते परकं वाटलं. त्याच्याशी लढायला शरीरानं एक प्रथिन तयार केलं, ग्लोब्युलिन. ते तसंच राहिलं. पुढच्या दोन्ही बाळांपर्यंत ते नाळेतून पोचलं आणि त्यांचं रक्त त्यानं नासवलं.

गिरिजाबाई : म्हंजे हिचंच रगत वंगाळ. म्या तेच म्हणत हुते.

डॉ. राजनंदिनी : नाही. पहिल्या बाळंतपणानंतर तीन दिवसांच्या आत एक इंजेक्शन मिळालं असतं, तर बहुतेक हे झालंच नसतं.

गिरिजाबाई : आमाला कुणी सांगितलं न्हाय.

शिवरंजनी : सांगितलं हुतं. सिस्टर दारापातूर मागं आल्या. सुई उद्या सकाळी यील, तवर थांबा म्हणाल्या. तुमी म्हणाला, उद्या अवस, लेकरू घिऊन निघायचं न्हाय. आन् मला जीपमदी बसवलं.

गिरिजाबाई : एका सुईवर एवढं आसतंय, मला कसं ठावं?

शिवरंजनी : मला बी ठावं नव्हतं. पर नंतर बारशाला, ओटीभरणाला मला घरातच मागं कुणी ठिवलं? लेकरंखाऊ कोण म्हणलं?

(गिरिजाबाई पदर सावरतात.)

शिवरंजनी : डॉक्टर, माझ्या रगताचं काय करणार तुमी?

डॉ. राजनंदिनी : त्यातलं सीरम, म्हणजे वरचं पिवळसर पाणी, वेगळं काढू. तुमच्यात ते ग्लोब्युलिन फार जास्त आहे. ते इंजेक्शनसुद्धा ह्याच ग्लोब्युलिनचं असतं. आईच्या अंगात आलेलं बाळाचं रक्त ते आधीच निपटून टाकतं, म्हणजे तिचं शरीर स्वतः लढायला उठत नाही. ते प्रयोगशाळेत चांगलं बनवता येईल का, हे आम्ही शोधतोय.

शिवरंजनी : म्हंजे ज्येनं माझी लेकरं मारली, त्येनंच दुसरीची वाचत्यात.

डॉ. राजनंदिनी : हो.

शिवरंजनी : घ्या. डाव्या हाताची शीर लवकर गावतीय.

गिरिजाबाई : डॉक्टरबाई... माझ्या लेकीचं, महेश्वरीचं बी रगत तपासता का? तिला सातवा लागलाय.

शिवरंजनी : तपासलंय. म्याच नेलती तिला. ती बी निगेटिव्हच हाय. सुईचं बोलून ठिवलंय दवाखान्यात.

गिरिजाबाई : आन् मला सांगितलं बी न्हाय?

शिवरंजनी : सांगून काय, आत्याबाई. माझ्या टायमाला सांगितलंच हुतं की तुमाला.