धरणाच्या काठचा निळा जोड

नेरे गावाजवळच्या धरणावर जायचं म्हणताय? आधी ऐका. आम्ही दुकानदार मंडळी तिथे डबे घेऊन कित्येक वर्षं जातोय, आणि कोणी ना कोणी बुडाल्याचंही दरवर्षी ऐकतोय. परवा निघताना सगळ्यांनी चपला घातल्या, तरी काठावर एक निळा जोड उरला. पाण्यात कोणी दिसेना.

"कोणीतरी बुडालंय," मी ओरडलो.

खडकाआड मासे धरणारा एक गडी पोहत आला आणि बुड्या मारू लागला. एकदा तर बराच वेळ वर येईना. वाटलं, माझ्या ओरडण्याने हाही गेला.

शेवटी धापा टाकत आला. "शेठ, कोन नाय गावत. बुडालाय कोन?"

"या चपला ज्याच्या, तो."

त्याने चपलांकडे पाहिलं आणि मटकन खाली बसला. "त्या तर माज्या हायत."