विसाव्या तासातली सात मिनिटं

असू द्या साहेब, फक्त डावीकडे रेलू नका. ती खुर्ची आमच्याच आयोगाची आहे. तिचा डावा हात नुसता शोभेला आहे. हं. बसलात? छान.

तर, व्यासपीठावर सावधपणे स्थानापन्न झालेले पालिकेचे मुख्याधिकारी साहेब, कडेच्या टेबलाशी वही उघडून बसलेल्या आजच्या सत्कारमूर्ती बाई, पहिल्या रांगेतले त्यांचे यजमान, आणि मागच्या रांगांतून दाराकडे पाहणारे माझे स्नेही,

शहराच्या शाश्वत विकास सल्लागार आयोगाचा बिनपगारी अध्यक्ष या नात्याने मी उभा आहे. माझ्या आधीच्या दोन वक्त्यांनी तेवीस मिनिटं घेतली. मला सात मिनिटं बोलायचं आहे. कमी बोलून चालणार नाही. का, ते पुढे कळेल. तोवर कृपया चिठ्ठी पाठवू नका.

आयोग स्थापन झाला तेव्हा पालिकेने शहराची पुढची पन्नास वर्षं आमच्यावर सोपवली. त्यासाठी एक खोली, एक कपाट, तीन खुर्च्या आणि अर्ध्या बाई दिल्या. अर्ध्या म्हणजे जागाच अर्धी मंजूर होती. दुपारपर्यंत बाई जन्म-मृत्यू नोंदणीत, दुपारनंतर आमच्याकडे, त्यातही बराच वेळ आमची पत्रं घेऊन टेबलाटेबलांवर. नोंदणी विभागाने त्यांच्या वाटणीच्या बाईंना आज सकाळीच निरोप दिला. हा समारंभ उरलेल्या बाईंचा.

पहिल्याच वर्षी आम्ही चाळीस शिफारशी केल्या. त्यांतल्या किती अमलात आल्या असतील? एक. ‘दिवसाला दोन तासांपेक्षा कमी वापरल्या जाणाऱ्या खोल्या बंद करून वीज वाचवावी.’ पाहणी बाईंनी केली. मनगटावरचं घड्याळ पाहत बारा दिवस त्या दारादारांत उभ्या राहिल्या. सगळ्या इमारतीत एकच खोली बंद झाली. कोणती, हे सांगायला हवं का? आमची. तक्त्यात बाईंनीच लिहिलं होतं: एक तास चाळीस मिनिटं.

मी म्हटलं, “अहो बाई, दोन तास लिहून टाकायचे!”

त्या म्हणाल्या, “सर, वीस मिनिटं कुठून आणू?”

तेव्हापासून आयोग जिन्याखाली भरतो. उंच सदस्यांनी एकेक करून राजीनामे दिले.

यजमान हसताहेत. ते शिंपी आहेत, त्यांना मापाची सवय आहे. तरी मघाशी मला म्हणाले, “सर, तुमचं बरं आहे, तुम्हाला अर्धीच मिळाली. दूध उतू गेलं की ही आधी किती गेलं ते सांगते, मग गॅस बंद करते.”

आता मुद्द्यावर येतो. साहेबांच्या पुढ्यात एक अर्ज आहे. उद्या सकाळी त्यावर सही झाली तर बाईंच्या जागी कोणीतरी येईल. नाही झाली तर ती अर्धी जागाही बाईंबरोबर निवृत्त होईल. मग आयोगात उरणार आम्ही सहा जण, सगळे सल्लागार. पत्र लिहून ते योग्य टेबलावर पोचवणारं माणूस एकही नाही. नियम साधा आहे: जागा टिकायची तर जाणाऱ्याच्या शेवटच्या आठवड्यात निदान वीस तासांचं काम दिसलं पाहिजे. आज दुपारी कपाट लावून, किल्ल्या माझ्या हातात देऊन बाईंनी रकाना भरला. साडेएकोणीस.

“वीस लिहा हो बाई. अर्ध्या तासाने काय आकाश कोसळतंय?”

“मग अर्ध्या तासाचं काम द्या, सर.”

“आता निरोप समारंभच आहे.”

“सत्कार करून घेणं हे काम नव्हे.”

म्हणून मंडळी, हा समारंभ नाही. दारावरची नोटीस कोणी वाचली नसेल. ही आयोगाची विशेष सभा आहे. विषय एकच: पुढील वर्षाचा आराखडा आणि साधनसामग्री. आणि बाई स्वतःच्या निरोपाचं इतिवृत्त लिहिताहेत.

आधीची तेवीस आणि माझी सात, झाला ना अर्धा तास, बाई? काय? दोन वजा? पुष्पगुच्छ घेताना पेन खाली ठेवलं होतं? ऐकलंत, साहेब?

बरं. मग आराखडाच सांगतो. गळके नळ मोजायचे. बसथांब्यांवर दुपारी तीनला सावली कुठवर पोचते ते पाहायचं. जिन्याखालचा दिवा बदलायचा. हे कलम सहाव्यांदा घेतो आहे. साधनसामग्री: कपाट एक. खुर्च्या तीन, पैकी एकीवर साहेब. घड्याळ... घड्याळ बाईंचं स्वतःचं होतं. ते आता जाणार.

बाई, थांबलात का? लिहा. डोळे पुसण्याचा वेळ तुम्ही वजा कराल, ठाऊक आहे मला. म्हणून मी अजून थोडा वेळ बोलत राहतो. नळ मोजताना मधल्या पेठेपासून सुरुवात करावी. तिथले नळ... झाले? नक्की? वीस तास?

साहेब, झाले म्हणतात.

आपण सगळे बसून राहिलात, त्याबद्दल मनापासून आभार. बोलण्यात उणं काही राहिलेलं नाही, ते बाईंनी पाहिलं आहे. अधिक झालं असेल, तेवढं पोटात घाला.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांची सही झालेला अर्ज आला. जिन्याखाली दोनच खुर्च्या होत्या. तिसरी सभागृहात राहिली होती. ती मी उचलून आणली. सहा मिनिटं लागली.