आमची माणसं नोव्हेंबरात येतात

सगळ्यात आधी कोण आलं, सांगू? तुम्हाला वाटेल दिघ्याची मंगल. लग्न असो, बारसं असो, मंडप बांधणारे यायच्या आधी मंगल हजर. पण आज तिचा नंबर गेला. मी चार वाजता हॉलची चावी घेऊन आले, तर पायरीवर पीटर बसलेला. आपल्या बस्त्याव मास्तरांचा पीटर. शेजारी त्याची बायको, मांडीवर छोटी लीना. मागून मंगल आली आणि माझ्या कानाशी लागली, "हिराबाय, हा कसा काय इथं?" मी म्हटलं, "बापाची शोकसभा हाय त्याच्या. तू कशी काय इथं?"

हसलात? हसा हसा. मास्तर असते तर तेही हसले असते.

तर मंडळी, सोसायटीतले सगळे, आणि आमच्या बोनकोड्यातून आलेल्या बायांनो, एवढी माणसं आलात, बरं वाटलं. खुर्च्या कमी पडल्या, सतरंजीवर बसलात, राग मानू नका. हिराबायला बोलता येत नाही असं आजवर कुणी म्हटलेलं नाही. पण आज समोर मास्तरांचा फोटो आहे. नातीनं, वैशालीनं, चांगलं लिहून दिलं होतं कागदावर. चष्मा घरी राहिला. आणि असता तरी काय, मी दुसरी पास. म्हणून येईल तसं बोलते. लांबलं तर मंगल पदर ओढेल.

मास्तर वसईकडचे. ख्रिस्ती. जन्मभर शाळेत इतिहास शिकवला, आणि रिटायर झाल्यावर बायकोला, रोझीबायला, घेऊन आमच्या गावाला लागून असलेल्या या बिल्डिंगीत आले. वैशाली त्यांच्याकडे शिकायला जायची. पोरीला एकटी कशी सोडायची, म्हणून मीही जायची. ती टेबलाशी, मी दाराशी, पुढ्यात सुक्या जवळ्याचं सूप. ती इतिहास शिकायची, मी जवळा निवडायची. पण कान काय सुपात घालून बसतात होय? वैशाली परीक्षा झाली की विसरायची. माझ्या लक्षात राहायचं.

मग रोझीबाय गेली. त्या वर्षी मी एक चूक केली. चूक म्हणजे, मास्तर वर्षानुवर्षं लोकांना सांगत बसले अशी चूक.

सर्वपित्रीला आमच्या पितरांचं पान काढलं. वडे, खीर, भोपळ्याची भाजी. आणि मनात आलं, रोझीबायला कोण वाढणार? तिला माझ्या हातची खीर किती आवडायची. काढलं दुसरं पान, चढले मास्तरांच्या गच्चीवर, आणि काव काव करून ओरडायला लागले. आवाज ऐकून मास्तर वर आले. बनियनवर. बघत राहिले. मला वाटलं आता रागावतात. यांच्यात असलं चालत नसणार, आपण कशाला नाक खुपसलं!

मास्तर म्हणाले, "बाय, पान बरोबर आहे. दिवस चुकला. आमची माणसं नोव्हेंबरात येतात. दोन तारखेला."

मी म्हटलं, "तुमच्यात पन येतात?"

"आमच्यात पण येतात. तुझ्या माणसांपेक्षा थोडी उशिरा निघतात, एवढंच."

मग खाली बसलो. कावळा आला नव्हता, म्हणून ती खीर मास्तरांनीच खाल्ली. आणि खाता खाता सांगितलं. फार जुनी गोष्ट. युरोपातल्या गावांमधून आमच्यासारखीच शेतकरी माणसं. पीक घरात आलं, थंडी पडली, की त्यांना वाटायचं, आता गेलेली माणसं घराकडे फिरकतात. मग ती शेकोट्या पेटवायची, काही खायला ठेवायची. ख्रिस्ती धर्म आला तो नंतर. पाद्री म्हणाले, हे बंद करा. कोण बंद करतंय? आपल्या आईला कोण उपाशी ठेवतंय? मग पाद्रीही शहाणे. म्हणाले, बरं, दिवा लावा, पण त्यांच्यासाठी देवाकडे प्रार्थना करा. पुढं पुढं तर पोरं दारोदार जायची, गेलेल्यांच्या नावानं छोट्या गोड पोळ्या मागायची, आणि पोळी खाऊन प्रार्थना म्हणायची. मास्तर प्रामाणिक माणूस. लगेच म्हणाले, "हे सगळं असंच झालं याचा पक्का पुरावा नाही हं. पंडित अजून भांडतायत." मी म्हटलं, "भांडू द्या. खीर अजून हाय, वाढू का?"

असं बरंच सांगायचे. नाताळची तारीख त्यांच्या धर्मग्रंथात कुठंच नाही म्हणे. त्या दिवसांत रोममध्ये सूर्याचा सण असायचा. दिवस मोठा व्हायला लागला म्हणून आनंद, आपल्या संक्रांतीसारखा. आणि एक जुने पोप होते. त्यांनी परक्या देशात गेलेल्या आपल्या माणसांना पत्र धाडलं, की लोकांची देवळं पाडू नका. मूर्ती काढा, पवित्र पाणी शिंपडा, देऊळ तसंच राहू द्या. लोक बैल कापून जेवतात ना, जेवू द्या, फक्त आता देवाचे आभार मानून जेवू द्या.

मी म्हटलं, "शहाना मानूस. नवी सून आली म्हनून काय सासूची सगळी भांडी फेकून देते?"

मास्तर असे हसले, असे हसले! म्हणाले, "बाय, मी तीस वर्षं शिकवलं ते तू एका वाक्यात संपवलंस."

खरंच आहे की. आमच्या वेशीवरचा देव घ्या. माझी आजी त्या दगडाला एका नावानं हाक मारायची. आता त्याला टाइल्सचं देऊळ झालंय, नाव वेगळं, जत्रा वेगळी. पण पाया पडताना मला आजीच आठवते. आणि देवानं काय कधी तक्रार केलीय?

तेव्हापासून दर दोन नोव्हेंबरला आम्ही दोघं रोझीबायच्या कबरीवर जायचो. सिमित्रीत सगळीकडे मेणबत्त्या, फुलं. फादर कबरींवर पवित्र पाणी शिंपडत यायचे. रोझीबायपाशी मेणबत्ती मास्तरांची आणि केळीचं पान माझं. माझ्या शेताच्या तुकड्यातल्या नव्या तांदळाची खीर. पहिल्या वर्षी फादर थबकले. पान बघितलं, मला बघितलं. आणि पानावरही पाणी शिंपडून पुढं गेले.

आता जे बोलणार आहे, ते पीटरला विचारून बोलतेय. तो हो म्हणालाय.

पीटर ऐरोलीला राहतो. ऐरोली किती लांब? डबा पाठवला तर गरम पोचेल. पण तीन वर्षं तो बापाच्या घरात आला नाही. जुने सण न मानणाऱ्या एका प्रार्थनेच्या मंडळींत तो जायला लागला होता. नाताळच्या आदल्या दिवशी आला, बघतो तर खिडकीत चांदणी, कोपऱ्यात बाळ येशूचा गोठा, त्यात आमच्या शेतातला पेंढा. मी तिथंच होते, पेंढा मीच पसरत होते. पीटर म्हणाला, "पप्पा, हा सूर्याची पूजा करणाऱ्यांचा सण आहे. शास्त्रात नाही हा."

मास्तर म्हणाले, "ठाऊक आहे. तुला कुणी सांगितलं? मीच ना?"

"मग ठाऊक असून का करता?"

"माझी आई करायची. तिची आई करायची. त्यांच्याही आधी कुणी सूर्यासाठी दिवा लावत असेल, तर त्या माणसालाही अंधाराची भीती वाटत असेल, रे. त्याचा दिवा विझवून मी माझा कसा लावू?"

पीटर माझ्याकडे वळला. "आणि मावशी, ते पान पण बंद करा. मेलेल्यांना भूक नसते."

मला लागलं. का खोटं बोलू? मी म्हटलं, "नसते रे बाबा, मला कलतं. मी काय येडी हाय? तुझी आय खीर खायला येत नाय. पन मी तांदूल निवडते तेवढा येळ ती माझ्यापाशी बसते."

पीटर गेला. दार आपटलं नाही, हळूच ओढून घेतलं. त्याचंच मास्तरांना जास्त लागलं.

मी मास्तरांना म्हणायची, तुम्ही एवढं शिकलेले, त्याला पटवा ना. एकदा म्हणाले, "बाय, वादात मी जिंकलो तर पोरगा जातो. हरलो तर रोझी जाते. मग वाद कशाला घालू?" तीन वर्षं चांदणी लावली, आणि दर वेळी एक खुर्ची दाराकडे तोंड करून ठेवली. ते थकले होते. गेल्या पावसाळ्यात म्हणाले, "पुढं दोन तारखेला कोण जाणार, बाय? तुझे गुडघे तर माझ्याआधी रिटायर झाले."

गेल्या आठवड्यात मास्तर गेले. दफनाला पीटर होता. मी झेंडूचा हार नेला होता, पिशवीतून काढलाच नाही. म्हटलं, पोराचा बाप गेलाय, आपण त्याला टोचायला नको. हार तसाच घरी आणला.

आणि आज चार वाजता तोच पीटर पायरीवर! चावी माझ्या हातातून घेतली, दार उघडलं, सतरंज्या काढल्या. मी खुर्च्या मांडायला घेतल्या. दोन सतरंज्या घालून झाल्या, तिसरीचं टोक हातात धरून तो खाली बघत म्हणाला, "मावशी, ते पान केळीचंच लागतं, का कुठलंही चालतं?"

बायांनो, लगेच रडायचं नसतं, पोरं घाबरतात. मी म्हटलं, "आधी सतरंजी सरळ घाल. तिरकी गेलीय."

सरळ घातली. मग म्हणाला, "मला अजून पटलेलं नाही. खोटं सांगणार नाही तुम्हाला. पण पप्पांना पटलेलं होतं. मी पान धरून उभा राहीन."

अहो, मला तरी सगळं कुठं पटतं? धरून उभं राहायला कुणीतरी लागतं, बस. त्या जुन्या फादर लोकांनी तरी दुसरं काय केलं? लोकांच्या हातातला दिवा हिसकावला नाही, शेजारी उभे राहिले. म्हणून तो दिवा आजवर पोचला, आमच्या कोपरखैरण्यापर्यंत. पीटर, तुझ्या बापानं शिकवलेलं मी तुला परत शिकवतेय. जवळा निवडता निवडता शिकलेली बाई आहे, चुकलं तर सांभाळून घे.

छोट्या लीनानं मला विचारलं, "आजोबा पण नोव्हेंबरात येणार?" मी म्हटलं, "नवीन आहेत ना, रस्ता माहीत नाही. रोझी आजी घेऊन येईल."

चला, खूप बोलले. मंगलनं दोनदा पदर ओढला. आता सगळे उभे राहा. गुडघे दुखणाऱ्यांनी बसून राहा, मास्तरांना चालेल. दोन मिनिटं गप्प राहू या. ज्याला हात जोडायचे त्यानं जोडा, ज्याला क्रूस करायचा त्यानं करा. ज्याला काहीच करायचं नसेल, त्यानं नुसतं शेजारच्याजवळ उभं राहा.

मास्तर, तुम्हाला माझा नमस्कार. खुर्ची आता भिंतीला लावली तरी चालेल.

आणि सगळ्यांनी ध्यानात ठेवा. पीटर, त्याची बायको आणि लीना, तिघांनी मला शब्द दिलाय. आधी माझ्या घरी, मग सिमित्रीत. तांदूळ लीना निवडणार आहे. दोन नोव्हेंबर, सोमवार, सकाळी.