धुरी मास्तरांच्या गाडीचे तीन थेंब

शेवटी ब्रेक दुरुस्त झाला, तृप्ती सुखरूप घाट उतरून माहेरी आली, मुलगी झाली, पेढे वाटून झाले! बोला —

काय? कोण तृप्ती? कसले पेढे? छे हो! मी काहीच बोललो नाही. मी आत्ता उभा राहतोय. पेटीवाले, सूर द्या. अजून गाडी नाही, घाट नाही, मुलगी तर नाहीच नाही. ज्यांना पेढा मिळाल्यासारखा वाटला, त्यांनी तो मुकाट्याने परत करावा.

हं. तर मंडळी, ऐका! आजचा प्रश्न असा — दोष लहान असला, तर तो दुरुस्त करावा, की त्याच्यासकट संसार करावा? जोडीने आलेल्यांनी उत्तर देऊ नये. घरी जायचंय!

प्रश्न सोपा नाही. एकेक दोष काढत बसलं तर माणूस शिल्लक राहत नाही. आणि एकही काढला नाही, तर शेजारी शिल्लक राहत नाहीत! मग करावं काय? ते मी सांगणार नाही. ते धुरी मास्तर सांगतील. त्यांनाही आधी ठाऊक नव्हतं.

सावंतवाडीच्या बाजूचं एक गाव. तिथे धुरी मास्तर — निवृत्त, विषय गणित, स्वभाव भूमिती. जिकडे तिकडे कोन! त्यांच्या अंगणात एक पांढरी गाडी. वय वर्षं पंचवीस. मास्तरांची एकुलती एक लेक तृप्ती — तिचंही वय पंचवीस. तृप्ती जन्मली, तेव्हा दवाखान्यातून तिला घरी आणायला म्हणून मास्तरांनी ही गाडी घेतली. पुढे गाडी राहिली घरात आणि लेक गेली सासरी — घाटावर, आजऱ्याला. असंच होतं मंडळी. जे उलट व्हावं असं वाटतं, ते होत नाही.

आता तृप्तीला सातवा महिना. पहिलं बाळंतपण माहेरी! मास्तरांनी जाहीर केलं, "ज्या गाडीतून ती बाळ म्हणून घरी आली, त्याच गाडीतून बाळंतपणाला येणार." बायको सुलभाकाकी म्हणाल्या, "अहो, एसटी आहे, भाड्याची गाडी आहे —" मास्तर म्हणाले, "सिद्ध झालेलं पुन्हा सिद्ध करत नाहीत."

आणि नेमकं त्याच महिन्यात काकींच्या भावजयीचं ऑपरेशन. काकी तीन आठवडे माहेरी! दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता मास्तर चहाचा कप घेऊन अंगणात आले, गाडीखाली वाकून बघतात तर — थेंब! एक पुढे काळा, एक जरा बाजूला हिरवट, एक मागच्या डाव्या चाकाशी फिकट. तबलजी, हसू नका! तुमची स्कूटर बाहेर उभी आहे. मी आत्ता तिच्या थेंबावरूनच घसरत आत आलो.

गणिताचा माणूस! वही काढली. सोमवार — सतरा थेंब. मंगळवार — एकोणीस. बुधवारी गाडी जागची हलली नव्हती, तरी एकवीस! मास्तरांनी आलेख काढला. सुंदर आला. आलेख बघून गळती थांबत असती, तर आपल्या नगरपालिकेच्या नळांनी —! जाऊ दे. अध्यक्ष पहिल्या रांगेत बसलेत.

गेले फ्रान्सिस मेस्त्रींकडे. मेस्त्री खाली वाकले आणि म्हणाले, "मास्तरांनू, गाडी दोन दिस हय ठेवा. खयसून गळता ता उघडून बघूक व्हया."

"उघडून?" मास्तर दोन पावलं मागे सरले. "माणसाला घाम येतो, तसा गाडीला थेंब येतो. त्यात उघडायचं काय?"

खरं काय होतं सांगू? मास्तरांना भीती वाटत होती. एकदा उघडली, की मेस्त्री आत बघणार, मान हलवणार आणि म्हणणार, हिचं आता काय खरं नाही. ते ऐकायचं नव्हतं! आपणही डॉक्टरकडे जाताना असंच करतो ना? दुखतं गुडघ्यात आणि दाखवतो जीभ!

मग मास्तर गेले कुठे? ग्रामदेवतेकडे! गुरवाने नारळ हातात घेतला आणि गाऱ्हाणं घातलं. तुम्ही 'होय म्हाराजा' म्हणा बरं —

"बा देवा म्हाराजा!" — होय म्हाराजा! — "आज ह्यो धुरी मास्तर तुझ्या पायाकडे इलो हा!" — होय म्हाराजा! — "तेच्या गाडीक जी काय गळती लागली आसा, ती बंद कर!" — होय म्हाराजा! — "कोणी बॉनेट उघडा बघून नजर लावल्यान आसात, तर ती बारा गावच्या येशीभायर टाक!" — होय म्हाराजा! वा! अर्ध्या लोकांची गाडी गळते असं दिसतंय.

त्याच संध्याकाळी सुलभाकाकी माहेराहून परत आल्या. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता मास्तर कप घेऊन अंगणात येतात, खाली वाकतात — एकही थेंब नाही! अंगण कसं आरशासारखं! दुसरा दिवस — शून्य. तिसरा — शून्य! वहीत लाल शाईने लिहिलं, 'चमत्कार'. खाली सही केली आणि वेळ घातली.

मंडळी, पुरुष हसतायत. बायका हसत नाहीत. बायकांना कळलंय. कळलं असेल तर सांगू नका! मास्तरांना अजून कळायचंय.

ठरल्या दिवशी मास्तर आणि काकी गाडीत बसले आणि आंबोलीचा घाट चढायला लागले. गाडी भुंग्यासारखी चालली! चढच तो. चढाला ब्रेक लागतो कशाला? एकदोन वळणांवर पाय दिला तेव्हा जरा मऊ लागलं. मास्तरांना वाटलं, देवाने गळतीबरोबर गाडीचा स्वभावही सुधारला!

काकी म्हणाल्या, "अहो, तुमच्यासमोर तो तांबडा दिवा कसला पेटलाय?"

मास्तर हात जोडून म्हणाले, "नंदादीप."

पोचले आजऱ्याला. तृप्तीच्या सासूबाई हौसाबाई पोवार दारात उभ्या. मास्तरांच्या विहीणबाई! यजमान हयात नव्हते. ते ट्रक चालवायचे आणि लग्नानंतरची सहा वर्षं हौसाबाई त्यांच्याबरोबर ट्रकमध्येच. घाटात ट्रक थांबला, की उडी मारून चाकाला दगड लावायचं काम यांचं! अशी विहीण. दारात नवी पांढरी फरशी. त्या फरशीवर मास्तरांनी मोठ्या ऐटीत गाडी उभी केली. जेवण झालं, मुक्काम झाला.

सकाळ झाली. तृप्तीची ओटी भरली, पिशव्या बाहेर आल्या. मास्तर किल्ली बोटात फिरवत दारात येतात, तर हौसाबाई कमरेवर हात ठेवून उभ्या!

"पाव्हणं, तुमच्या गाडीनं आमच्या फरशीवर ह्ये काय सोडलंय?"

तीन थेंब! काळा, हिरवा, फिकट. पांढऱ्या फरशीवर असे ठळक, की आलेखाचीही गरज नाही!

"अशक्य!" मास्तर म्हणाले. "ती गळती देवाने बंद केली आहे. चार दिवस अंगणात थेंब नाही. माझ्याकडे नोंद आहे!"

"मग द्येव काय सावंतवाडीपुरताच हाय व्हय? घाट चढला न्हाई?"

मास्तरांनी काकींकडे बघितलं. "अगं, तू सांग! होता का एक तरी थेंब?"

काकी शांतपणे म्हणाल्या, "होते की. रोज असतात. पहाटे पाचला उठून गाडीखाली हात घालून मी सारवते."

"रोज?"

"किती वर्षं झाली."

"मग बोलली का नाहीस?"

"मला वाटलं, तुम्हाला ठाऊक आहे. अंगण आपोआप सारवलं जातं, असं थोडंच कोणाला वाटेल?"

मंडळी! वाटत होतं! पंचवीस वर्षं त्या माणसाला वाटत होतं, की अंगण सकाळी सात वाजता तसंच उगवतं! गळती सुरू कधी झाली? काकी माहेरी गेल्या तेव्हा! बंद कधी झाली? काकी परत आल्या तेव्हा! आणि गणित कोणाचा विषय? मास्तरांचा!

थेंब म्हणे मी लहान ।
मजकडे कोणाचे ध्यान ।
उतार म्हणे तू महान ।
तुझीच वाट पाहे ॥

मास्तरांचा चेहरा लालभडक. विहिणीसमोर शोभा! मग माणूस काय करतो? चूक कळली की आवाज चढवतो. "असू दे! थेंबभर तेलाने काय होतं? तृप्ती, बस गाडीत. निघायचंय!"

तृप्ती उभी. एक हात पोटावर, एक हात गाडीच्या दारावर. एकीकडे बाप, एकीकडे सासू.

हौसाबाई वळल्या. आत गेल्या, एका हातात वरवंटा, एका हातात पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. मास्तर घाबरून मागे सरले! पण त्यांनी तो वरवंटा पुढच्या चाकाला लावला आणि खाली बसल्या. काळ्या थेंबात बोट घातलं, चोळलं, वर पाणी ओतलं. "ह्ये इंजनाचं त्याल. गाडी म्हातारी झाली, गळायचंच. डबा संगट ठेवा, वरचेवर बघा, घाला." हिरव्यात बोट घातलं. "ह्ये रेडिएटरचं पानी. पायपाची पकड ढिली असंल, आवळून घ्या. डोळा ठेवा." मग मागच्या डाव्या चाकाशी गेल्या. फिकट थेंबात बोट घातलं, चोळलं आणि त्यावर तांब्यातलं पाणी ओतलं. काळा डाग पाण्याने हलला नव्हता. हा पाण्यात मिसळून गेला!

हौसाबाई उठल्या. आवाज एकदम खाली. "पाव्हणं, ह्ये ब्रेकचं त्याल हाय. बसा गाडीत. पाय द्या."

मास्तर बसले. ब्रेकवर पाय दिला. आणि मंडळी — पाय जो गेला, तो पुरणाच्या गोळ्यात बोट जावं तसा गेला! थेट तळाला! परत दिला. परत तळाला!

पुढे आंबोलीचा उतार. एका बाजूला कडा, एका बाजूला दरी. मागच्या सीटवर तृप्ती आणि तिच्या पोटात —

बोला! थेंब लहान होता, की नव्हता?

मास्तर गाडीतून उतरले. पंचवीस वर्षं फळ्यासमोर उभा राहिलेला माणूस, पण त्याला विहिणीसमोर उभं राहता येईना. किल्ली त्यांच्या हातावर ठेवली आणि म्हणाले, "हौसाबाई, माझं चुकलं. घाबरून उघडली नाही."

हौसाबाई म्हणाल्या, "उघडली आस्ती तर एका दुपारचं काम हुतं. सूनबाई, पिशव्या आत घ्या. तुमच्या आबांना च्या टाका."

पुढे विशेष काही नाही. आजऱ्याच्या मेकॅनिकने मागच्या चाकाचा ब्रेक उघडून नवं सामान घातलं, पायपाची पकड आवळली. इंजिनच्या तेलाचं विचारलं, तर तोच म्हणाला, "ऱ्हाऊ द्या मास्तर. त्यासाठी इंजन उतरायला लागंल. डबा ठेवा." म्हणजे काळा थेंब आजही गळतोय! गळू दे! त्याने कोणी मरत नाही.

आता कोणी विचारील, बुवा, मग देवाने गाऱ्हाणं ऐकलं नाही का? ऐकलं की! देव हौसाबाईंच्या रूपाने आला, वरवंटा घेऊन आला. देवाला विहिणीच्या रूपात ओळखायचं म्हणजे तपश्चर्या लागते. मास्तरांना पंचवीस वर्षं लागली!

आता तुमच्याकडे वळतो. सावरून बसा! तुमच्यातही थेंब आहेत. विसराळूपणा, घोरणं, एकच किस्सा चारदा सांगणं — हे काळं तेल. डबा ठेवा, घरच्यांना सवय आहे. पण रागाच्या भरात घरच्या माणसाला घालून पाडून बोलता, मग 'छे, मी कुठे काय बोललो' म्हणता — तो थेंब कुठल्या चाकाजवळचा आहे, बघितलंत कधी? सकाळी सात वाजता अंगण स्वच्छ दिसतं म्हणून खूश होऊ नका. पाच वाजता ते कोणी सारवलं, ते विचारा! आज घरी गेल्यावर विचारा. उत्तर आवडणार नाही. तरी विचारा.

आणि आता सर्वानुमते — मी गृहीत धरलंय — एक ठराव. माननीय परिवहन अधिकारी महोदय यांना सविनय विनंती, की दहा वर्षांवरील वाहनांबरोबरच चाळीस वर्षांवरील चालकांचीही वार्षिक योग्यता तपासणी अनिवार्य करावी. तपासणी यंत्राने न करता, शासनाने प्रत्येक तालुक्यास एक अनुभवी विहीण, वरवंट्यासह, पूर्णवेळ नेमून द्यावी. सदर विहिणीचा निर्णय अंतिम राहील व त्याविरुद्ध कोणत्याही न्यायालयात अपील करता येणार नाही. कळावे, ही विनंती.