गुरुवारची बैठक

कोंडीराम : तुझ्या पत्राला मी उत्तर दिलं नाही, स्वप्नाली. मान्य आहे.

स्वप्नाली : तीन महिने झाले, सर. वीस सभासदांच्या सह्या, सगळे कंपनीत कामाला. मागितलं काय? वाचनालयाची बैठक रविवारी नको, गुरुवारी घ्या. आमची सुट्टी गुरुवारी असते. आज गुरुवार, म्हणून तर तुमच्या घरी आले.

कोंडीराम : रविवारची प्रथा जुनी आहे, गं.

स्वप्नाली : तुमचा रविवार, आमची फर्स्ट शिफ्ट. आन् ह्याच रविवारी अभ्यासिका गोदामाला द्यायचा ठराव येतोय. माझी परीक्षा दीड महिन्यावर आलीय. एका खोलीत पाच जणी राहतो आम्ही. अभ्यास काय जिन्यात करू?

तानाबाई : अवं, तिचं पत्र दावा की तिला. शब्दकोशात दडवलंय.

कोंडीराम : तू जरा गप्प बस.

तानाबाई : गप तुमी बसलाय. तीन म्हयनं. हे घे पोरी.

स्वप्नाली : ह्याच्यावर लाल शाई कसली?

कोंडीराम : 'निर्णय' लिहिताना तू 'न' काढलास. दोनदा.

स्वप्नाली : म्हणजे तपासलंत! मग मार्क बी टाका की.

कोंडीराम : छत्तीस वर्षं वह्या तपासल्या, हात आपोआप जातो. उत्तर लिहायला बसलो, की तुझं वाक्य समोर यायचं. 'आम्ही मशीनवर असताना निर्नय उरकू नका.' त्यावर काय लिहावं, सुचेना.

तानाबाई : सुचंना काय! उद्धवरावाला भ्याले. अध्यक्ष हाय ना त्यो.

कोंडीराम : हो. भ्यालो.

स्वप्नाली : नियम काय म्हणतो, सर?

कोंडीराम : वीस जणांनी लेखी मागितलं, तर चिटणीस बैठकीचा दिवस बदलू शकतो. एकट्याच्या सहीनं.

स्वप्नाली : चिटणीस तुम्हीच ना? आन् हे ठाऊक होतं तुम्हाला?

कोंडीराम : नियम मीच लिहिलेत.

स्वप्नाली : मग सही करा. फोटो काढून ग्रुपवर टाकते.

कोंडीराम : ग्रुप उद्धवरावांच्या हातात. पुसून टाकतील. टपालाचा शिक्का कुणाला पुसता येत नाही.

स्वप्नाली : भाडेकरूंनी गावाला शिकवू नये, म्हणतील.

कोंडीराम : म्हणतील. बैठक गुरुवारी, असं त्यांना टपालानंच कळवतो. कागद दे.

(टपालपेटीपाशी.)

स्वप्नाली : थांबा! चिकटवू नका. उद्धवरावांना लिहिलेल्या पत्रात 'निर्नय' लिहिलंय तुम्ही.

कोंडीराम : कुठे? अरे देवा… खरंच की.

स्वप्नाली : नवा कागद आणू?

कोंडीराम : नको. घरी परतलो, तर पुन्हा इथवर येणं व्हायचं नाही माझ्याच्यानं.

तानाबाई : मंग टाका की! पेटी काय चावती व्हय?

कोंडीराम : टाकलं.

स्वप्नाली : आन् हे दुसरं पाकीट?

कोंडीराम : तुझं. तुझ्या पत्राचं उत्तर.

स्वप्नाली : मी इथंच उभी आहे, सर. हातात द्या की.

कोंडीराम : नाही. तू टपालानं पाठवलं होतंस… हं, हेही गेलं. खोली नंबर सात ना गं? बरोबर लिहिलाय ना मी?